पानापानांतून वाहणारी गोदावरी: लेटेक आणि टिकझेडमध्ये थरांचं सलग चित्र कसं रचायचं

एक १६ पानी पुस्तिका आहे, ए५ साइजची, विषय मराठवाड्यातली गोदावरी. प्रत्येक पानाच्या तळाशी नदी सलग वाहताना दिसली पाहिजे, म्हणजे पान २ च्या उजव्या कडेला ती जिथं संपते बरोबर तिथूनच पान ३ वर सुरू झाली पाहिजे. सगळ्यात खाली काळ्या मातीचा फिकट रंग, त्यावर नदी, त्यावर मजकूर, आणि मजकुराच्याही वरती गावांची नावं अन् खुणा. शाळेची स्मरणिका असू द्या नाहीतर १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाची पुस्तिका असू द्या, आपल्याकडं असलं काम बहुतेक कोरलड्रॉत होतं, दर पानाला नदीचा तुकडा कापून हातानं बसवतात, आणि मग मधेच कोणीतरी दोन परिच्छेद वाढवले की मजकूर पुढं सरकतो, चित्र तिथंच राहतं, आणि डीटीपीवाला रात्रभर जुळवत बसतो. लेटेकमध्ये, म्हणजे कोड लिहून पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, हेच काम एकदा नीट मांडलं की मजकूर कितीही हलला तरी नदी तुटत नाही, आणि मला वाटतं आपल्या छोट्या छोट्या प्रकाशनांसाठी ही लई मोठी सोय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कमांडांची नावं मी इथं बोलतो तशी देवनागरीत लिहिलीयत, टाइप करताना त्यांचं इंग्रजी स्पेलिंग आणि त्याच्या सुरुवातीला बॅकस्लॅश टाकायचा. लेटेकमध्ये साधं डॉक्युमेंट बनवता येतं आणि टिकझेड या त्याच्या चित्रं काढायच्या पॅकेजमध्ये एखादी रेघ, एखादा गोल काढता येतो एवढं येत असेल तर बाकी जमेल.

आधी मुद्द्याची गोष्ट. नदीचं चित्र पानाचं नाही, अख्ख्या पुस्तिकेचं आहे. ते एकदाच काढायचं, एकाच लांब पट्टीवर, १६ पानं एकाशेजारी एक मांडली तर जेवढी रुंदी होईल तेवढ्या पट्टीवर. ए५ पानाची रुंदी १४८ मिलिमीटर, म्हणजे पट्टी २३६८ मिलिमीटरची झाली, जवळजवळ २.३७ मीटर. मग दर पानावर तेच पूर्ण चित्र काढायचं, फक्त डावीकडं सरकवून. पान म्हणजे एसटीची खिडकी समजा, नदी जागेवरच आहे, खिडकी पुढं जाते आणि तिच्यातून जेवढं दिसेल तेवढंच त्या पानावर छापलं जातं. पानाच्या बाहेर गेलेला भाग पीडीएफमध्ये दिसतच नाही, त्यामुळं कापाकापीची गरजच नाही.

इंजिन झीलेटेक घ्या किंवा लुआलेटेक, पीडीएफलेटेकवर देवनागरीचा नाद करू नका. फॉन्टस्पेक पॅकेजमध्ये फॉन्ट लावताना स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी असं दोन्ही सांगायचं, ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मग ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात. लुआलेटेक वापरत असाल तर रेंडरर हार्फबझ हेही लिहा, नाहीतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार कुठंतरी दगा देतात. मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टात टाइप केलेला असेल तर तो आधी युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून घ्या आणि एकदा डोळ्याखालून घाला, त्याशिवाय पुढं जाऊच नका.

आता पानाचं माप. छापायला द्यायचं आहे आणि नदी पानाच्या कडेपर्यंत जाते, म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापून झाल्यावर कापून टाकायची जादा कड, लागणार. जॉमेट्री पॅकेजमध्ये कागद १५४ बाय २१६ मिलिमीटरचा सांगायचा, लेआउट ए५ ठेवायचा, आणि लेआउटएचऑफसेट आणि लेआउटव्हीऑफसेट दोन्ही ३ मिलिमीटर. शोक्रॉप दिलं की कापायच्या खुणा पण येतात. खालची मार्जिन मोठी ठेवा, ४५ मिलिमीटर तरी, म्हणजे मजकूर नदीवर चढणार नाही. मजकूर नदीवरून गेलेला डिझाइन करणाऱ्याला छान वाटतो, वाचणाऱ्या आजोबांना नाही.

आता थरांकडं. इथं दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर थर आहेत आणि बहुतेक गोंधळ याच ठिकाणी होतो, काहून की दोन्हीला आपण लेयरच म्हणतो. पहिली पातळी पानाची. लेटेक पान तयार करून बाहेर टाकतं त्या क्षणाला शिपआउट म्हणतात, आणि ऑक्टोबर २०२० च्या लेटेकपासून त्या क्षणाला स्वतःचे हुक आहेत, हुक म्हणजे आपला कोड अडकवायची ठरलेली जागा. शिपआउट स्लॅश बॅकग्राउंड या हुकमध्ये टाकलेलं चित्र मजकुराच्या खाली जातं, शिपआउट स्लॅश फोरग्राउंडमध्ये टाकलेलं मजकुराच्या वर. म्हणजे पानाला तीन मजले झाले, खालचा हुक, मधे मजकूर (पान क्रमांक आणि हेडर फूटर यातच येतात), वरचा हुक. दुसरी पातळी टिकझेडच्या चित्राच्या आतली. तिथं पीजीएफडिक्लेअरलेयर या कमांडनं आपण आपले थर जाहीर करतो आणि पीजीएफसेटलेयर्सनं त्यांचा खालून वर क्रम लावतो. पण हे थर त्या एका चित्रापुरतेच असतात बरं का. खालच्या हुकमधल्या चित्रात तुम्ही कितीही वरचा थर सांगा, तो मजकुराच्या वर येणार नाही, कारण ते अख्खं चित्रच मजकुराखाली आहे. म्हणून कोणती गोष्ट कोणत्या मजल्यावर हे आधी कागदावर लिहून काढा. आपल्या पुस्तिकेत माती, काठ आणि पाणी खालच्या मजल्यावर, गावांची नावं आणि जोडरेघा वरच्या मजल्यावर.

हुक लिहायचा असा. बॅकस्लॅश अॅडटूहुक, पहिल्या महिरपी कंसात शिपआउट स्लॅश बॅकग्राउंड, दुसऱ्या महिरपी कंसात पुट शून्य स्वल्पविराम शून्य आणि त्याच्या आत टिकझेडपिक्चर. हा पुट विसरू नका, कारण हा हुक आतून पिक्चर एन्व्हायर्नमेंट आहे आणि त्याचा शून्यबिंदू कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. आपल्याला त्या शून्यबिंदूशी देणंघेणं नाही, कारण टिकझेडपिक्चरला रिमेंबर पिक्चर आणि ओव्हरले हे दोन ऑप्शन दिले की करंट पेज नावाचा नोड मिळतो, आणि करंट पेज डॉट साउथ वेस्ट म्हणजे कागदाचा खालचा डावा कोपरा. तिथून मोजायचं. टेकलाइव्ह, म्हणजे लेटेकचा इन्स्टॉल केलेला संच, जुना असेल आणि हुक चालत नसतील तर एसोपिक पॅकेजचं अॅडटूशिपआउटपिक्चरबीजी हेच काम करतं.

रिमेंबर पिक्चर वापरलं की कंपाइल दोनदा करावं लागतं. पहिल्या वेळी लेटेक जागा मोजून ऑक्स फाइलमध्ये लिहितं, दुसऱ्या वेळी ती वाचून चित्र बसवतं. पहिल्या वेळी नदी भलतीकडंच दिसली तर घाबरून कोड बदलत बसू नका, परत एकदा चालवा. लेटेकएमके वापरलं तर ते आपलं आपण हवं तेवढ्या वेळा चालवतं.

सरकवायचं गणित सोपं आहे. पान क्रमांकातून १ वजा करा, १४८ नं गुणा, तेवढे मिलिमीटर डावीकडं, आणि ब्लीडसाठी ३ मिलिमीटर उजवीकडं. पान ५ साठी ४ गुणिले १४८ म्हणजे ५९२, त्यातून ३ गेले, म्हणजे एक्सशिफ्ट उणे ५८९ मिलिमीटर. उंचीलाही ३ मिलिमीटर वर. गंमत अशी की ब्लीडमध्ये शेजारच्या पानाची नदी आपोआप येते, वेगळं काही काढावं लागत नाही. पान क्रमांक मात्र पेज काउंटरमधून घेऊ नका. मनोगत आणि अनुक्रमणिकेला वेगळा क्रमांक दिला आणि पुढं परत १ पासून सुरू केलं की नदी उडी मारून उगमाला जाईल. त्याऐवजी रीडओन्लीशिपआउटकाउंटर वापरा, तो किती पानं खरोखर बाहेर पडली ते मोजतो आणि हुकमध्ये बरोबर आकडा देतो.

टिकझेडपिक्चरला एक्स बरोबर १ मिलिमीटर आणि वाय बरोबर १ मिलिमीटर हे सांगायलाच पाहिजे. नाहीतर टिकझेड आकडा सेंटिमीटर समजतं आणि १२५० लिहिलं की डायमेन्शन टू लार्ज अशी एरर येते. याच एररची दुसरी बाजू पण समजून घ्या. लेटेकच्या मुळाशी असलेल्या टेक प्रोग्रॅममध्ये कोणतंही माप १६३८४ पॉइंटच्या आतच असावं लागतं, म्हणजे साधारण ५.७५ मीटर. १६ पानांना काही अडचण नाही, पण ए५ ची सलग पट्टी ३८ पानांच्या पुढं गेली की फुटते, ए४ ची तर २७ पानांनंतरच, आणि आतलं गुणाकाराचं गणित कधी कधी त्याच्याही आधी फुटतं. मोठं पुस्तक असेल तर नदीचे आठ आठ पानांचे गट करा, दर गटाचा एक्स परत शून्यापासून मोजा, आणि जिथं एक गट संपून दुसरा सुरू होतो तिथं दोन्ही वळणं एकाच उंचीवर आणि आडवी ठेवा, म्हणजे सांधा दिसणार नाही.

आता नदी. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहते आणि आपली पुस्तिका डावीकडून उजवीकडं वाचली जाते, हे जुळून आलंय, त्याचा फायदा घ्या. मी गावं अशी ठेवली असती: पैठण एक्स २०० वर म्हणजे पान २, मंजरथचा सिंदफणा संगम ८०० वर म्हणजे पान ६, गंगाखेड १२५० वर म्हणजे पान ९, पूर्णा नदीचा संगम १५५० वर म्हणजे पान ११, नांदेड १८५० वर म्हणजे पान १३, धर्माबाद २१५० वर म्हणजे पान १५. हे अंतराच्या प्रमाणात नाही, मजकुराच्या प्रमाणात आहे. पैठणला एकनाथ महाराज आणि १९७६ चं जायकवाडी धरण दोन्ही आहे, त्याला जास्त पानं लागतात. पूर्णा वरून म्हणजे उत्तरेकडून येते, सिंदफणा खालून, दक्षिणेकडून, एवढं मात्र चुकवू नका, आपल्या भागातला वाचक पहिलं तेच बघतो.

संगमाचं चित्र हेच या सगळ्या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं ठिकाण आहे. नदी काढायची सोपी पद्धत म्हणजे एकच वक्र रेघ दोनदा ओढायची, आधी जाड आणि गडद, तो काठ, मग त्याच्यावर थोडी बारीक आणि निळी, ते पाणी. टिकझेडचा डबल ऑप्शन हेच एका दमात करतो. गोदावरी अशी काढली, छान दिसली. मग सिंदफणा तशीच काढली आणि संगमावर बघा काय होतं, सिंदफणेचा गडद काठ गोदावरीच्या निळ्या पाण्यावर येऊन बसतो, जणू कोणी नदीत बंधारा घातलाय. क्रम उलटा केला तर गोदावरीचा काठ सिंदफणेचं तोंड बंद करतो. क्रम बदलून हे सुटत नाही, थर वेगळे करूनच सुटतं. काठ नावाचा एक थर, पाणी नावाचा दुसरा, पाणी वर. दोन्ही नद्यांची जाड गडद रेघ काठाच्या थरात, दोन्ही नद्यांची निळी रेघ पाण्याच्या थरात. आता आधी सगळे काठ रंगतात आणि मग सगळं पाणी, आणि संगमावर पाणी पाण्यात मिसळतं. नद्या कितीही वाढवा, दुधना घाला, मांजरा घाला, कोड तोच. नकाशात रस्ते काढणारे लोक हीच युक्ती वापरतात.

सेटलेयर्सचा क्रम प्रीअँबलमध्येच लिहा: माती, काठ, पाणी, मेन. मेन हा टिकझेडचा स्वतःचा थर आहे, तो यादीत नसेल तर थराबाहेर काढलेलं सगळं गायब होतं आणि एररही येत नाही, त्यामुळं शोधायला लई वेळ जातो. आणखी एक, मेन थरात लावलेला क्लिप खालच्या थरांना लागू होत नाही, रंग आणि रेघेची जाडी पण बाहेरून आत येत नाही. पीजीएफऑनलेयर उघडल्यावर त्याच्या आत परत सांगायचं.

पाणी फिकट दिसायला ओपॅसिटी वापरायचा मोह होतो. त्यापेक्षा सरळ फिकट रंगच द्या, सायन उद्गारचिन्ह ३० असा. ओपॅसिटीनं जिथं दोन नद्या एकमेकींवर येतात तिथं रंग दुप्पट गडद होतो, मग ट्रान्सपरन्सी ग्रुप लावा, मग प्रेसच्या मशीनवर ते नीट उतरतंय का बघा, नुसतं काम वाढतं. एक्सकलर पॅकेजला सीएमवायके ऑप्शन द्या म्हणजे रंग छपाईच्याच हिशेबात राहतील. मातीचा रंग पेजकलरनं न देता सगळ्यात खालच्या थरात आयत काढून भरा, म्हणजे तो आपल्या ताब्यात राहतो.

काठ जरा खडबडीत, नैसर्गिक वाटावा म्हणून रँडम स्टेप्सचं डेकोरेशन लावलं तर एक गोष्ट लक्षात ठेवा. दर पानावर चित्र नव्यानं काढलं जातं, म्हणजे दर पानाचा खडबडीतपणा वेगळा, आणि पान २ चा काठ पान ३ च्या काठाशी जुळणार नाही. त्यासाठी टिकझेडपिक्चर सुरू झाल्या झाल्या पीजीएफमॅथसेटसीड लिहून एक ठरलेला आकडा द्या, कोणताही चालतो, १९४८ द्या. मग सगळ्या पानांवर तोच खडबडीतपणा येतो आणि कडा जुळतात.

गावांची नावं नदीच्या वळणावर वळवून लिहावीत असं सगळ्यांना वाटतं. टेक्स्ट अलाँग पाथ नावाची सोय टिकझेडमध्ये आहे, पण ती अक्षरं एकेक सुटी करून बसवते, आणि देवनागरीत ते चालत नाही. गंगाखेडमधला अनुस्वार ग पासून सुटतो, खे ची मात्रा वेगळी पडते, शिरोरेघेचे तुकडे होतात. तसंही आपली शिरोरेघ सरळ आहे, ती वळणावर मोडणारच. नाव एका नोडमध्ये अखंड ठेवा, हवं तर स्लोप्ड ऑप्शननं नदीच्या उताराप्रमाणं थोडं तिरपं करा. ते जास्त वाचनीय दिसतं.

मजकुरातल्या शब्दापासून नदीवरच्या गावापर्यंत रेघ ओढायची असेल, समजा जनाबाईंच्या परिच्छेदातल्या गंगाखेड या शब्दापासून खालच्या ठिपक्यापर्यंत, तर टिकझेडमार्क ही लायब्ररी लागेल. शब्दाजवळ टिकझेडमार्क लिहून नाव द्यायचं, आणि फोरग्राउंड हुकमध्ये रेघ काढायची. अडचण अशी की मजकूर सरकून तो शब्द पान ९ वरून १० वर गेला तर ठिपका ९ वर आणि शब्द १० वर. टिकझेडला फक्त पानावरची जागा कळते, ते पान दुसरं आहे याचं त्याला काही नाही, त्यामुळं रेघ ९ व्या पानावर रिकाम्या जागेत जाऊन थांबते. म्हणून रेघेच्या आधी इफटिकझेडमार्कऑनकरंटपेज ही अट लावा, शब्द त्याच पानावर असेल तरच रेघ. आणि ठिपक्याची जागा सरकवलेल्या स्कोपमध्ये कोऑर्डिनेट म्हणून नाव देऊन ठेवा, स्कोप बंद करा, रेघ बाहेर काढा, म्हणजे शब्दाची जागा नदीबरोबर सरकायची भीती नाही. परिच्छेदाच्या आतून अॅडटूहुकनेक्स्ट लिहून पुढच्या पानाचं चित्र बदलायचा प्रयत्न करू नका, टेक परिच्छेद आधी वाचतं आणि पान कुठं तोडायचं ते नंतर ठरवतं, त्यामुळं ते कधी कधी शेजारच्या पानावर जाऊन बसतं.

काम चालू असताना फोरग्राउंडमध्ये एक जाळी काढून ठेवा, दर ५० मिलिमीटरला उभी रेघ आणि तिच्यावर एक्सचा आकडा, एका स्विचनं चालू बंद होणारी. गाव हलवायचं म्हटलं की आकडा वाचून लगेच हलवता येतं.

चित्र जड झालं, कंपाइलला वेळ लागायला लागला, ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेकच्या फ्री प्लॅनवर तर वेळ संपला म्हणून थांबायला लागलं, तर नदीची पट्टी स्टँडअलोन क्लासमध्ये वेगळी पीडीएफ करून घ्या आणि हुकमध्ये इन्क्लूडग्राफिक्सनं व्ह्यूपोर्ट आणि क्लिप देऊन दर पानाचा तुकडा दाखवा. टिकझेडची एक्स्टर्नलाइज सोय इथं उपयोगाची नाही, रिमेंबर पिक्चर आणि ओव्हरलेबरोबर तिचं जमत नाही.

प्रेसला देण्याआधी जोडपानं बघा. समोरासमोर दिसतात ती २ आणि ३, ४ आणि ५, अशीच शेवटी १४ आणि १५. पान ३ आणि ४ एकाच कागदाच्या दोन बाजू आहेत, तिथला सांधा कोणाला दिसत नाही, म्हणून सगळं लक्ष सम पानाच्या उजव्या कडेवर द्या. गावाचा ठिपका, नाव, संगम, काहीही मधल्या घडीपासून १० मिलिमीटरच्या आत ठेवू नका. पिन मारलेल्या पुस्तिकेत घडी बरीच उघडते, पण गोंद लावून बांधणी केली तर तेवढा भाग आत जातो. प्रेसवाल्याला पीडीएफ एकेका पानाची द्या, जोडपानं त्यांना त्यांच्या पद्धतीनं लावू द्या, आणि त्यांना एवढं आवर्जून सांगा की छापताना माप १०० टक्केच ठेवा, फिट टू पेज करू नका, कारण एका पानाचं माप ९७ टक्के झालं की तिथंच नदी तुटते. प्रूफ हातात आलं की ८ आणि ९ एकाशेजारी एक ठेवून काठाची रेघ बघा, पाव मिलिमीटरचा फरक चालेल, त्यापेक्षा जास्त असेल तर ते कापण्यातलं आहे, कोडमधलं नाही, आणि ते तिथंच उभं राहून दुरुस्त करून घ्या.